सुईऐवजी गोळी

माझ्या बाबांना पोट नव्हतं. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि ऐकणारा दर वेळी आधी हसला आहे. नव्हतं म्हणजे नव्हतं. आत एक गाठ झाली होती आणि ती साधी नव्हती, म्हणून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात सर्जननी त्यांचं जठर पूर्ण काढून टाकलं आणि अन्ननलिका खाली थेट आतड्याला जोडून दिली. ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव पालघरहून सातपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाबांना घरी आणलं तेव्हा बघायला अर्धं गाव लोटलं. शेजारची एक काकी त्यांच्या सदऱ्याकडे टक लावून बसली आणि शेवटी न राहवून म्हणाली, "मंग खाल्लेला जाते कुटं?" बाबा म्हणाले, "तुज्या घरी." आजारी माणसाने अशी थट्टा करावी याचा तिला राग आला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा वाटलं की बाबा वाचले.

रुग्णालयातून निघताना सर्जननी आम्हाला खाटेभोवती उभं करून सगळं समजावलं होतं. एका वेळी थोडंच खायचं, पण दिवसातून बऱ्याच वेळा. गोड जपून. आणि महिन्याला एक इंजेक्शन, जन्मभर. कसलं, तर एका व्हिटॅमिनचं, बी बारा. हे कुणी विसरलं नाही. पुढे जे झालं ते विसरण्यामुळे झालं नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण नातेवाईक अजूनही तसंच समजतात आणि माझं डोकं फिरतं. आम्हाला सगळं पाठ होतं. आई तर रस्त्यात भेटेल त्याला सांगायची.

थोडं थोडं खाण्याचं आईने असं काही मनावर घेतलं की आमच्या घरात चूल विझायचीच नाही. अर्धी भाकरी, वाटीभर पेज, एखादा बोंबील. एकदा कुणाच्या तरी बारशाचा शिरा बाबांनी हौसेने खाल्ला आणि थोड्या वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले. तेव्हापासून आई त्यांच्या ताटावर पोलिसासारखी नजर ठेवून असे. ती प्रेमाने सगळं करायची, आणि तिच्या प्रेमापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

बाबांची पानवेलींची वाडी होती. घरामागून एक पायवाट निघायची, कुंपणातलं बांबूचं फाटक लागायचं आणि आत वेलींच्या रांगा. त्या फाटकाशी चपला काढायच्या, हा नियम. पानवेल सोवळ्यातली, तिथे पायताण न्यायचं नाही. आमच्या भागात सगळेच पाळायचे. मोठ्या झालेल्या मुलींनी तर आत जायचंच नाही, म्हणजे मी फ्रॉक सोडला तेव्हापासून फाटकाबाहेर. आत गारवा असायचा आणि मी बाहेर उन्हात उभी राहून बाबांना चहाला हाका मारायची. या नियमाचा मला संताप यायचा आणि तो मी बोलूनही दाखवायची. त्यावर बाबा म्हणायचे, "नियम मी नाय केला, बाय." पण मोडणाऱ्यांतलेही ते नव्हते, ते असो.

वेलीला पाणी कधी सोडायचं, हे बाबा अनवाणी पायाने ठरवायचे. सकाळी आत जायचे, रांगांमधून सावकाश चालायचे, मध्येच थांबून टाच रुतवायचे आणि बाहेर येऊन गड्याला सांगायचे, अमक्या रांगेला आज पाणी नको, तमकीला दे. वरून माती सगळीकडे सारखीच काळपट दिसायची. पानवेलीला पाणी कमी झालं तर पान बारीक पडतं आणि जास्त झालं तर मूळ कुजतं. बाबांची पानं चांगली उतरायची, मुंबईचे व्यापारी ती मागून घ्यायचे. कुणी विचारलं की कसं कळतं हो तुम्हाला, तर ते पाय पुढे करून दाखवायचे. लोकांना ती थट्टा वाटायची.

ऑपरेशननंतर त्यांना एकच गोष्ट हवी होती, पुन्हा त्या वाडीत स्वतःच्या पायाने फिरणं. काही महिन्यांत ते फिरायलाही लागले. अंगात मांस राहिलं नव्हतं, सदरा खुंटीवर लटकावा तसा दिसायचा, पण सकाळी फाटकाशी चपला काढून ते आत शिरायचे आणि आईचा जीव भांड्यात पडायचा.

इंजेक्शन द्यायला गावातच एक म्हातारे डॉक्टर होते. औषध लालभडक होतं. पोट कापून घेताना हूं की चूं न करणारे बाबा त्या सुईला मात्र लहान पोरासारखे भ्यायचे. भ्यायला कारणही होतं. कमरेखाली मांस उरलंच नव्हतं, सुई हाडालाच लागते की काय असं वाटायचं, आणि पुढे दोन दिवस ते लंगडायचे. इंजेक्शनची तारीख जवळ आली की वाडीत अचानक महत्त्वाची कामं निघायची. आई त्यांना ओढून न्यायची आणि दवाखान्याबाहेर स्वतःच रडत बसायची. डॉक्टर म्हणायचे, "वहिनी, सुई यांना टोचलीय."

काही वर्षं हे असं चाललं. मग ते डॉक्टर थकले आणि दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. त्याच सुमाराला माझा थोरला भाऊ बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात लागला. गोळ्या बनवायच्या यंत्रावर. त्याच्या कपड्यांना, केसांना, डब्यालासुद्धा एक गोडूस उग्र वास यायचा. पहिल्या महिन्यातच तो एक चकाकती पट्टी घेऊन आला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "बाबा, ही आमच्याकडची व्हिटॅमिनची गोळी. यात बी बारा हाय. सुईत हाय ताच. मंग सुई कशाला?"

त्या क्षणी आमच्या घरात झालेला आनंद मला आजही आठवतो आणि तो आठवला की कसंतरी होतं. बाबांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. आईने ती देवापुढे ठेवली. स्वतःच्या मुलाच्या हातची गोळी, मग ती सुईपेक्षा कमी कशी असेल? शिवाय भावाने मनाने ठरवलं असंही नाही. गावात नवीन डॉक्टर आले होते, त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी पट्टीवरची नावं वाचली, बाबांचं रक्त तपासायला पाठवलं, रक्त उत्तम आलं. ते म्हणाले, "गोळीने भागतंय तर सुई कशाला टोचून घेता? आणि तुम्ही मासळी खाणारी माणसं. हे व्हिटॅमिन मासळीतच असतं. ज्यांना मासळी मिळत नाही त्यांनी काळजी करावी."

झालं. आईच्या हातात जणू शस्त्रच मिळालं. मुरबे गावाहून एक कोळीण दारावर यायची. तिला आईने सांगून ठेवलं, कालवं आली की पहिली माझ्याकडे आणायची. कालवं, शिंपल्या, बारीक करंदी. मुशी माशाचं काळीज मिळालं तर ते हळद-मिठात शिजवून बाबांना एकट्याला. भाऊ कारखान्यातून गोळ्या आणायचा, आई समुद्रातून मासळी. दोघांमध्ये चढाओढ लागली म्हणा ना. आणि गोळी लागू पडतेय याचा पुरावा बाबा रोज सकाळी आम्हाला जाहीर करायचे. गोळीने त्यांची लघवी पिवळीधमक व्हायची. "बघा, कामाला लागली," असं ते खुशीत सांगायचे. मी म्हणायची, "बाबा, ती कामाला लागली तर बाहेर कशाला आली?" सगळे हसायचे, मीसुद्धा. मी तेव्हा पालघरला शाळेत शिकवत होते, तरी त्या बोलण्यात काही अर्थ आहे हे मला माहीत नव्हतं. ती निव्वळ थट्टा होती.

आणि काहीच झालं नाही. हे मुद्दाम सांगते. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. बाबा चालत होते, बोलत होते, वेलींच्या रांगांतून फिरत होते. गाठ परत आली नाही. आई म्हणायची, उगाच त्या सुया टोचल्या इतकी वर्षं. कुणीही तेच म्हटलं असतं.

सुरुवात जिभेपासून झाली. बाबांची जीभ लाल, गुळगुळीत दिसायला लागली आणि तिखटाची चव लागेना, ते नुसतं झोंबायला लागलं. आईने कालवणातलं तिखट कमी केलं. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बसल्यावर, मग चालतानाही. बाबा पाय झटकायचे. आईने खोबरेल तेल चोळलं, भावाने एकाच्या जागी दोन गोळ्या सुरू केल्या. मुंग्या कमी झाल्या. आम्हाला वाटलं गुण आला. खरं म्हणजे मुंग्या जाऊन त्या जागी बधिरपणा आला होता, पण बाबा ते बोलले नाहीत. एकदाच मला म्हणाले, "कापसावर चालल्यासारखा वाटते, बाय." वय झालं, मी म्हटलं. साठीच्या माणसाला आपण दुसरं काय म्हणतो?

मग वाडीत पाणी जास्त व्हायला लागलं. पहिल्यांदा ते गड्याच्या लक्षात आलं. हा गडी आतल्या डोंगराकडचा, भातकापणी झाली की कुटुंबासह आमच्याकडे यायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत जायचा. तो एक दिवस आईला म्हणाला, "आई, बाबांना सांगा, पानी बस झाला. रोजच सोडाय सांगतात." आई म्हणाली, तूच सांग. त्याने सांगितलं. बाबा भडकले. मी फाटकाबाहेर उभी होते, मला सगळं ऐकू आलं. "माती सुकी ठाक हाय! मला शिकवतंस?" गडी खाली वाकला, मातीचा एक गोळा उचलून त्याने बाबांच्या हातावर ठेवला. गोळ्यातून पाणी गळत होतं. बाबांनी तो बोटांनी दाबला, पुन्हा दाबला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग टाकून दिला आणि म्हणाले, "ही एवढीच ओली असंल."

त्यांच्या पायांना ओल कळेनाशी झाली होती. माती त्यांना कोरडी लागायची कारण त्यांना काहीच लागत नव्हतं. आज हे मी एका वाक्यात लिहिते. तेव्हा आम्ही समजलो की म्हातारपणी माणूस हट्टी होतो. गड्याने गुपचूप पाणी कमी सोडून पाहिलं, तर बाबा स्वतः विहिरीवरचं इंजिन सुरू करायला जायचे. त्या वर्षी विहिरीकडच्या रांगा पिवळ्या पडल्या, पानं लोंबायला लागली. वेल ओढली की अलगद हातात यायची, खाली मूळ काळं, बुळबुळीत. बाबा एकेक वेल उपटून बांधावर टाकत होते. केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी करून वेल आधाराला बांधायची असते, तीही त्यांच्या बोटांना जमेना. गाठ मारायचे आणि गाठ सुटायची. मी बाहेरून बघत होते. मला आत जाता येत नव्हतं आणि गेले असते तरी करणार काय होते?

घरात उपाय सुरूच होते. भावाने दोनाच्या चार गोळ्या केल्या. आईने दृष्ट काढली, मग आणखी कुणाकडून तरी अंगारा आणला. नव्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा उत्तम. "रक्त तर तरण्या माणसासारखं आहे," ते म्हणाले. त्या गोळीत दुसरंही एक व्हिटॅमिन होतं, तेच रक्त चांगलं ठेवत होतं आणि खरा बिघाड झाकत होतं, हे आम्हाला खूप नंतर कळलं. बाबा विसरायलाही लागले होते. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे. आधी कधी रागावत नसत, ते ताट भिरकावायला लागले. एकदा त्यांनी भावाला भावाच्याच लग्नाची तारीख विचारली. लग्न होऊन त्याला मूल झालं होतं.

मग ते पडले. सकाळी अंगणात तोंड धूत होते. ओंजळीत पाणी घेतलं, चेहऱ्यावर मारलं, डोळे मिटले आणि उभेच्या उभे आडवे झाले. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. डोळे उघडे असले की तोल राहायचा, मिटले की जायचा. आई म्हणाली, चक्कर. बाबा म्हणाले, चक्कर नाय, पाय कुटं हायत ताच समजत नाय.

हे ऐकून मात्र मी घाबरले. पालघरला एक नवे डॉक्टर आल्याचं शाळेत ऐकलं होतं. मी आणि भाऊ बाबांना रिक्षाने घेऊन गेलो, आईही हट्टाने आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघ्यांवर हातोडी मारली. मग शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला, नाद काढणारा लोखंडाचा एक चिमटा टेबलावर आपटून त्याचा दांडा बाबांच्या अंगठ्यावर टेकवला. चिमटा गुणगुणत होता, मला पलीकडून ऐकू येत होतं. "थरथर कळते का?" बाबा म्हणाले, नाही. घोट्यावर टेकवला. नाही. नडगीवर. नाही. गुडघ्यावर टेकवला तेव्हा बाबा म्हणाले, "आता वाईच."

डॉक्टरांनी सदरा वर करायला सांगितला आणि ती लांब जुनी खूण दिसली. "हे कसलं ऑपरेशन?" भावाने सांगितलं. डॉक्टरांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "इंजेक्शन कधीपासून बंद आहे?"

भावाने खिशातून पट्टी काढली. ती तो नेहमी जवळ बाळगायचा. "इंजेक्शनच्या जागी या चालू हायत. रोज चार. एक दिवस चुकलेला नाय."

त्या डॉक्टरांचं मी एक मानते, ते ओरडले नाहीत. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. जठर फक्त अन्न साठवत नाही, ते एक रस बनवतं. तो रस या व्हिटॅमिनला धरून आतड्यापर्यंत नेतो आणि मगच ते अंगाला लागतं. यांना जठरच नाही, म्हणून रस नाही, म्हणून धरून नेणारं कुणी नाही. गोळी आत जाते आणि तशीच निघून जाते. सुई मांसात दिली तर वाट वेगळी, म्हणून सुई सांगितली होती. पूर्वी दिलेल्या सुयांचा साठा यकृतात होता, त्यावर इतकी वर्षं निभावलं. तो संपला.

"म्हणजे गोळीचा उपयोगच होत नाही?" मी विचारलं.

"होतो. रसाशिवायही थोडं आत झिरपतं, अगदी थोडं. म्हणून गोळी फार मोठ्या मात्रेची लागते. या पट्टीतल्या गोळीत नुसता कण आहे. धडधाकट माणसाला पुरतो तेवढा."

भाऊ म्हणाला, "मी आणखी दिल्या असत्या." तो पट्टी हातात फिरवत राहिला. तो पुन्हा म्हणाला, "घरात पेट्या भरून हायत, साहेब. मी आणखी दिल्या असत्या."

आई इतका वेळ पदर धरून ऐकत होती. तिने विचारलं, "आनि मासळी? कालवं?"

"तीही तशीच गेली, आई."

आईने मान हलवली, समजल्यासारखी. मग रिक्षात बसल्यावर तिला रडू फुटलं. मला राग आला होता, पण कुणावर काढू? भावावर, ज्याने यंत्रावरून उतरल्या उतरल्या बापासाठी गोळ्या आणल्या? आईवर? त्या गावातल्या डॉक्टरांवर काढला असता, तर ते तोवर बदलून गेले होते. बाबा मध्ये बसून बाहेर बघत होते. वाटेतल्या शिरगावच्या अलीकडे त्यांनी विचारलं, आपण कुठे निघालोय.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. तीच लाल बाटली. आता बाबा सुईला भीत नव्हते, कारण ती त्यांना फारशी कळत नव्हती. जीभ सुधारली. चिडचिड गेली. दोनेक महिन्यांत स्मरणही परत आलं आणि एका सकाळी त्यांनी सरळ विचारलं, "विहिरीकडल्या रांगा कुणी बुडवल्या?" आई म्हणाली, रोग पडला. ते हसले. "रोग नाय पडला. मी पानी सोडला." डोकं ताळ्यावर आल्याचा आनंद करावा की नाही, तेच आम्हाला समजेना. आधी निदान त्यांना ठाऊक नव्हतं.

हात थोडे सुधारले. पाय सुधारले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू इतके दिवस उपाशी राहिले की काही परत येतात, काही येत नाहीत. किती येतील? वाट बघू. आम्ही वर्षभर वाट पाहिली. मग डॉक्टरांनी तो विषय काढायचं बंद केलं आणि आम्हीही विचारायचं बंद केलं. पायात कायम पट्ट्यांच्या सँडल घालायच्या, एवढं मात्र त्यांनी बजावलं. काटा रुतला, भाजलं, तरी यांना कळणार नाही.

पायताणाशिवाय चालायचं नाही आणि पायताण घालून वाडीत जायचं नाही. आई म्हणाली, "घाला तुमी. देवाला समजते." मीही म्हणाले. गड्याने तर फाटक उघडून धरलं. बाबा सँडल घालून फाटकापर्यंत गेले, उभे राहिले आणि परत आले. पुढे एकदा आमची नजर चुकवून सँडल काढून आत शिरले. परतले तेव्हा अंगणभर रक्ताचे ठसे उमटले होते. आत बांबूची चीप होती, ती टाचेत अर्धी गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. आईने ओरडून सांगितलं तेव्हा त्यांनी पाय उचलून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ती जखम भरायला अख्खा पावसाळा गेला.

पुढे काही वर्षांनी डॉक्टरांनी मोठ्या मात्रेच्या गोळ्या लिहून दिल्या. तोवर त्या दुकानांत मिळायला लागल्या होत्या. पावसात पालघरला जाणं जमलं नाही तर ही गोळी रोज घ्या, ही चालेल, असं ते म्हणाले. भाऊ तेव्हा तिथेच बसला होता. त्याने गोळीकडे पाहिलं नाही. बाबा म्हणाले, "परत गोळी?" घरी आल्यावर आईने ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांनी उचलायचा प्रयत्न केला, ती निसटून खाली गेली. दुसरी ठेवली. शेवटी आईनेच ती त्यांच्या तोंडात घातली. गोळी योग्य होती, डॉक्टर योग्य होते. फक्त आता ती घेऊन वाचवायचं फारसं काही राहिलं नव्हतं.

उरलेली वाडी गडी आणि भाऊ मिळून बघायचे. भावाच्या कारखान्यात पाळ्या असायच्या, त्याला झाडापानातलं कळत नव्हतं. गड्याला पाट आणि इंजिन कळत होतं, पण रांगेरांगेची ओल बाबांनीच पाहिली होती, ते काम त्यांनी कुणाला दिलंच नव्हतं. पानं उतरत होती, बारीक. व्यापारी आता मागून घेत नव्हते.

एका सुट्टीच्या सकाळी बाबा फाटकाबाहेरच्या दगडावर बसले होते, पायात सँडल. गडी आत पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता. मी चहा घेऊन गेले. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "चपला काड."

मला कळलं नाही.

"काड आनि आत जा. बघ ओल हाय का."

मी तेव्हा तिशी ओलांडलेली बाई होते. लहानपणानंतर त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, मी?" ते म्हणाले, "जा गं." मी चपला काढल्या आणि आत गेले. आत खरंच गार होतं. वेलींची एक रांग संपेपर्यंत चालत गेले आणि त्यांनी सांगितलं तिथे थांबले.

"टाच रुतव."

मी रुतवली.

"कसा लागते?"

"ओलं लागतंय, बाबा."

"ता मला पन म्हाईत हाय. किती? कालचा पानी का परवाचा? गार लागते का नुसता थंड?"

मी पुन्हा टाच दाबली. दुसऱ्या पायाने पाहिलं. डोळे मिटूनही पाहिलं. माझ्या पायांना सगळं कळत होतं. खडा, मुळी, मातीचा थंडपणा, बोटांच्या बेचक्यात शिरणारा चिखल. पण कालचं की परवाचं, ते त्यात कुठे लिहिलेलं होतं? "नाही सांगता येत," मी म्हणाले. 

"तुजे पाय चांगले हायत," बाबा म्हणाले. रागावले नव्हते. "शिकवला आसता तुला. पन आता माजा मलाच आठवत नाय, ता कसा लागायचा."

गड्याने आतून विचारलं, पाणी सोडू का. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्या पायांकडे. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा विचारलं.